फाइल पूर्ण आहे, मग आक्षेप येतात कुठून?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा: नागपूर जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत तुम्ही विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून नुकत्याच रुजू झालात. ग्रामपंचायतींच्या दप्तर तपासणीसाठी हातात छापील सूची आहे. ठराव आहे का, दरपत्रकं आहेत का, साठा नोंद आहे का, अशा प्रत्येक रकान्यात 'होय' पडतं. आणि पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल आला की त्याच गावाच्या खरेदीवर आक्षेपांचे परिच्छेदामागून परिच्छेद निघतात. मग बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब विचारतात, तुमच्या तपासणीत हे दिसलं कसं नाही? तुम्हाला जाणून घ्यायचंय की पाहायचं नेमकं काय, आणि ग्रामसेवकांशी वाकडेपणा न घेता ते कसं करायचं.

मी आधी लेखापरीक्षेत आणि नंतर जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात निवृत्तीपर्यंत होतो. म्हणजे आक्षेप काढणारा आणि आक्षेपांना उत्तरं देणारा, अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलोय. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमची सूची विचारते, कागद आहे का? लेखापरीक्षक बघतो, तो कागद कधी तयार झाला? सगळा फरक इथे आहे. खरेदीचे आणि खर्चाचे नियम मुळात क्रमाचे नियम आहेत. आधी गरज, मग अंदाजपत्रकात तरतूद, मग ठराव, मान्यता, मग दर मागवणं, तुलना, आदेश, मग माल, साठा नोंद, देयक आणि शेवटी पैसे. यातला एकही कागद गहाळ नसतानाही नियम पार मोडलेला असू शकतो, कारण माल आणि पैसे आधी झाले आणि बाकीचे कागद मागाहून बसवले. किंबहुना माझा अनुभव असा की ज्या व्यवहारात पाणी मुरतं त्याचीच फाइल सगळ्यात नीटनेटकी असते. प्रामाणिक ग्रामसेवकाच्या फाइलमध्ये एखादं चलन हरवलेलं असतं, खाडाखोड असते. बनवलेल्या फाइलमध्ये तसं काही सापडत नाही.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगतो. पहिली म्हणजे पैसा कोणता. पंधराव्या वित्त आयोगाचा असेल तर बंधित आणि अबंधित असे भाग आहेत, आणि बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच जायला हवा. स्वनिधी, म्हणजे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, असेल तर मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के हा हिशेब बघावा लागतो. आमदार निधी, जिल्हा नियोजनचा निधी, दलित वस्तीचं काम, प्रत्येकाला आपापल्या मार्गदर्शक सूचना आहेत. दुसरी म्हणजे तारीख कोणती. राज्याच्या उद्योग विभागाची खरेदी नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली, तेव्हा ३ लाखांच्या वर ई-निविदा होती. पुढे या मर्यादा बदलत गेल्या, वस्तूंच्या वेगळ्या आणि कामांच्या वेगळ्या. म्हणून आज लागू असलेली मर्यादा दोन वर्षांपूर्वीच्या फाइलला लावू नका, आणि जुनी मर्यादा आजच्या फाइललाही नको. त्या फाइलच्या प्रशासकीय मान्यतेच्या दिवशी कोणता निर्णय लागू होता तो काढा, त्याचा क्रमांक आणि दिनांक टिपणीत लिहा. इथे नवे लोक हमखास घसरतात. आणखी एक, काही जण उत्साहाने केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांचा हवाला देतात. ते केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत. एखाद्या योजनेच्या सूचनांनीच ते लागू केले असतील तर गोष्ट वेगळी, एरवी ग्रामपंचायतीला तिचा १९५८ चा अधिनियम, २०११ ची लेखा संहिता आणि राज्याचे शासन निर्णय. चुकीच्या नियमावर काढलेला आक्षेप पहिल्याच उत्तरात गळतो, आणि मग तुमच्या बरोबर आक्षेपांकडेही कोणी गांभीर्याने बघत नाही.

आता तपासणी करायची कशी. माझा सल्ला, लेखा संहितेतले तेहतीस नमुने (ठरलेल्या नोंदवह्या आणि प्रपत्रं) पहिल्या दिवशी उघडू नका. एक खरेदी निवडा, बरी मोठी, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमधली, आणि ती मुळापासून शेवटपर्यंत एकटीच चालवा. एका कोऱ्या कागदावर फक्त तारखा लिहा. ठरावाची, दरपत्रकांची, ती कार्यालयात आवक झाल्याची, तुलनात्मक तक्त्याची, पुरवठा आदेशाची, चलनाची, नमुना १५ किंवा १६ मधल्या साठा नोंदीची, देयकाची, नमुना १२ च्या प्रमाणकाची (खर्चाच्या व्हाउचरची), बँकेतून पैसे गेल्याची. यातली शेवटची तारीख ग्रामपंचायतीच्या हातात नसते. ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या हिशेबाचं पोर्टल) आणि पीएफएमएस (सरकारी पैसे अदा करण्याची यंत्रणा) यांवर पेमेंट ज्या दिवशी, ज्या वेळेला गेलं ते तिथे कोरलेलं राहतं. म्हणून सुरुवात त्या टोकाकडून करा आणि मागे मागे या. कागदावरच्या तारखा लिहिणाऱ्याच्या मर्जीच्या असतात, पोर्टलवरच्या नसतात. ई-निविदा असेल तर महाटेंडर या राज्याच्या निविदा पोर्टलवरही प्रसिद्धी, शुद्धिपत्रक, निविदा उघडल्याची वेळ सगळं दिसतं.

एक उदाहरण देतो. एका गावात एलईडी पथदिवे घेतले होते. फाइल बघण्यासारखी! ठराव, तीन दरपत्रकं, तक्ता, आदेश, चलन, ३१ मार्चची साठा नोंद, ३१ मार्चचंच देयक, 'माल सुस्थितीत मिळाला' असा शिक्का. सूचीनुसार सगळीकडे 'होय'. मी ग्रामसेवकाला म्हटलं, दिवे दाखवा. बरेचसे खांबांवर लागले होते, काही खोकी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, ब्लीचिंग पावडरच्या पिशव्यांशेजारी. एक खोकं उचलून खिडकीशी नेलं आणि लेबल वाचलं. उत्पादनाचा महिना मे. त्याच वर्षाचा मे. म्हणजे जे दिवे मार्चअखेर 'सुस्थितीत मिळाले' ते तेव्हा कारखान्यात बनलेलेही नव्हते. पैसे मार्चमध्ये गेले, माल जूनमध्ये आला, मधले दोन-तीन महिने गावाचा पैसा पुरवठादाराने वापरला. ग्रामसेवक घाम पुसत म्हणाला, "सर, काहून एवढं खोदून बघता, दिवे तर आले ना?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, दिवे आले होते. पण पुरवठादार पळाला असता तर? आणि साठा नोंदीवर सही करणाऱ्याने न पाहिलेल्या मालाची पावती दिली, ती जबाबदारी कोणाच्या गळ्यात?

तेव्हापासून माझा नियम, खरेदीची तपासणी कार्यालयात संपत नाही. पंप असेल तर त्यावरची पट्टी, कूलर असेल तर मागचं स्टिकर, संगणक असेल तर अनुक्रमांक. देयकावरचा अनुक्रमांक आणि वस्तूवरचा अनुक्रमांक जुळतो का, हे पाच मिनिटांचं काम. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणवाडीला कूलर घेणं यात गैर काहीच नाही, गरजच आहे. पण ज्या अंगणवाडीत वीज मीटरच नाही तिथे कूलर गेला असेल तर नियम पाळूनही पैसा वाया गेला, आणि मागणी कोणी केली हा प्रश्न विचारायलाच हवा. मागणीचा कागद हा बहुतेक फाइलींमधला सगळ्यात दुबळा कागद असतो. पुरवठादार आधी ठरतो, गरज नंतर सुचते.

आता दरपत्रकं. तीन दरपत्रकं जोडणं म्हणजे स्पर्धा झाली असं मानायची आपल्याकडे सवय पडलीय. ती तीन समोरासमोर ठेवून वाचा. शब्दांची मांडणी, वस्तूंचा क्रम, एवढंच काय, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तिन्हीत सारखी असेल तर तिन्ही एकाच संगणकावर जन्मलेली आहेत. दोन दरपत्रकांमध्ये प्रत्येक वस्तूचा दर नेमक्या पाच टक्क्यांनी जास्त असेल तर ते गणित करून भरलेत. आवक क्रमांक तिन्हींना लागोपाठचे असतील तर एकच माणूस तिन्ही घेऊन आला असण्याची शक्यता मोठी. दरपत्रकं मागवल्याचं पत्र जावक नोंदवहीत आहे का, हेही बघा. बहुधा नसतं.

यापेक्षा पक्कं हत्यार म्हणजे जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. दोन वेगळ्या नावांच्या दुकानांच्या क्रमांकात ही दहा अक्षरं सारखी निघाली तर मालक एकच, मग ती स्पर्धा कसली? जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कधीपासून लागू झाली, चालू आहे की रद्द, व्यवसायाचं नाव काय, हे कोणालाही दिसतं, त्यासाठी लॉगिन लागत नाही. दरपत्रक जानेवारीचं आणि नोंदणी मार्चची, असे नमुने सापडतात. नोंदणी रद्द झालेल्या माणसाने कर लावून बिल दिलेलंही सापडतं, म्हणजे ग्रामपंचायतीने भरलेला कर सरकारात गेलाच नाही. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल हलवला तर सहसा ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, त्यावर गाडीचा क्रमांक असतो. चलनावरची गाडी आणि ई-वे बिलावरची गाडी वेगळी का, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ गोष्टी मोकळ्या होतात.

पण सावध राहा. ही सगळी संशयाची लक्षणं आहेत, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तालुक्याच्या गावात सबमर्सिबल पंप विकणारी दुकानंच दोन असतात, तीही सख्ख्या भावांची. तिथे तिसरं दरपत्रक 'भरतीचं' असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा वेळी मी दराकडे बघायचो. दर वाजवी आहे का? जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तशीच वस्तू कितीला आहे, शेजारच्या गावाने कितीला घेतली? दर वाजवी, माल जागेवर, क्रम ठीक, आणि दरपत्रकं मात्र लंगडी, तर ती कार्यपद्धतीतली त्रुटी. दर दीडपट आणि दरपत्रकंही लंगडी, तर तो वसुलीचा विषय. दोन्हीला एकच शिक्का मारू नका. जेमबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा, जेमवरून घेतलं म्हणजे स्वस्त आणि नियमात असं आपोआप होत नाही. वस्तूचं वर्णनच असं लिहिलेलं असतं की एकच कंपनी बसावी.

इथे तुमच्याकडे एक ताकद आहे जी लेखापरीक्षकाकडे नाही. तो एका वेळी एका गावाचं दप्तर बघतो. तुम्हाला तालुक्यातली सगळी गावं शेजारी शेजारी ठेवता येतात. एक साधा तक्ता करा, एक्सेलमध्ये किंवा वहीत. गाव, वस्तू, पुरवठादार, दर, आदेशाची तारीख, आणि हरलेली दोन दरपत्रकं कोणाची. वर्षभर भरत राहा. आठ-दहा गावं झाली की चित्र आपोआप उभं राहतं. एका गावात 'अ' जिंकतो, 'ब' आणि 'क' हरतात, पुढच्या गावात 'ब' जिंकतो, 'अ' आणि 'क' हरतात. तोच दिवा एका गावाला अठराशेला आणि सहा किलोमीटरवर सव्वीसशेला. एकेका फाइलमध्ये हे कधीच दिसत नाही. माझ्या मते तुमच्या पदावरून करता येण्याजोगं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि ते कोणत्याही छापील सूचीत नाही.

तुकडे पाडण्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. मर्यादेच्या खाली बसावं म्हणून एका कामाचे तीन भाग करणं ही जुनी युक्ती. ओळखायचं कसं? अंदाजपत्रकांचे क्रमांक लागोपाठ, मान्यता एकाच दिवशी, कंत्राटदार एकच, आणि रस्ता असेल तर एकाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात. 'शाळेपासून हनुमान मंदिरापर्यंत', 'हनुमान मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत', 'टाकीपासून स्मशानभूमीपर्यंत', तिन्ही मर्यादेच्या जरा जरा खाली. मात्र प्रत्येक तुकडा लबाडीचा नसतो. निधी दोन हप्त्यांत आला म्हणून काम दोनदा निघतं. एक भाग दलित वस्तीच्या निधीतून आणि दुसरा वित्त आयोगातून असेल तर ते वेगळंच ठेवावं लागतं. म्हणून आक्षेप लिहिण्याआधी प्रत्येक तुकड्याचा निधी आणि तो जमा झाल्याची तारीख बघा. तिन्ही एकाच लेखाशीर्षातून, पैसा एकाच दिवशी खात्यात, आणि तरीही तीन आदेश, तर मग पांघरूण घालायला जागा उरत नाही.

बांधकामाच्या फाइलमध्ये मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही, हा गाभा. ती तांत्रिक आहे म्हणून आपले लोक तिला हात लावत नाहीत, कनिष्ठ अभियंत्याची सही आहे ना, झालं. काँक्रीटची जाडी तुम्हाला कळणार नाही हे खरं, पण तारखा तर कळतात. एकाच दिवशी तालुक्याच्या चार टोकांच्या चार गावांत मोजमापं घेतल्याच्या नोंदी असतील तर अभियंत्याची दैनंदिनी मागा. रविवारी, पोळ्याच्या दिवशी, धो-धो पावसाच्या आठवड्यात घेतलेली मोजमापं जरा थांबून वाचा. कामाचे जिओ-टॅग फोटो नीट बघा, एकच फोटो दोन कामांना वापरलेला आढळतो, मागे उभी असलेली बैलगाडी सुद्धा तीच असते. कपातींकडेही नजर टाका. आयकर, अडीच लाखांच्या वरच्या करारावर जीएसटीची २ टक्के कपात, बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर, आणि मुरूम-गिट्टीचे वाहतूक परवाने जोडले नसतील तर गौण खनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी). हे नुसतं राहून जातं, हेतू वाईट नसतो, पण वसुली मात्र ग्रामपंचायतीवर येते.

पेमेंटबद्दल एकच प्रश्न विचारा, सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी कुठे आहे? कल्पना अशी आहे की एकाने व्यवहार तयार करावा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करावा. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्याही डीएससीच्या (डिजिटल स्वाक्षरीच्या) किल्ल्या संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच ड्रॉवरमध्ये. दोन माणसांचा पहारा असा एका ड्रॉवरमध्ये कोंडलेला असतो. सरपंच बाई असतील तर त्यांना विचारा, शेवटचं पेमेंट कशाचं केलंत? उत्तर यजमानांनी दिलं तर तुम्हाला काय ते कळलंच. हे मी लेखी आक्षेप म्हणून क्वचितच लिहायचो. बाईंना बाजूला बसवून सांगायचो, ताई, ही किल्ली म्हणजे तुमची सही आहे, उद्या वसुली निघाली तर नोटीस तुमच्या नावाने येईल, यजमानांच्या नाही. किल्ली बहुतेकदा त्याच दिवशी ड्रॉवरमधून निघून पर्समध्ये जायची.

जमेची, म्हणजे उत्पन्नाची, बाजू तुम्ही विचारलेली नाही, तरी दोन ओळी. पावती पुस्तकांच्या साठ्यावरून सुरुवात करा. किती पुस्तकं आली, किती वापरली, कोरी किती शिल्लक. एखादं पुस्तक कुठेच सापडत नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तेच शोधा. मग नमुना १० च्या पावत्या आणि बँकेतला भरणा यांत किती दिवसांचं अंतर आहे ते बघा. वसूल झालेल्या घरपट्टीतून परस्पर खर्च भागवणं ही सवय गोड बोलून मोडावी लागते. आणि दर महिन्याचा बँक ताळमेळ, सगळ्या खात्यांचा. जुन्या योजनांची विसरलेली खाती असतात, त्यांत पैसा पडून असतो.

इथवरचं थोडक्यात म्हणजे, एक खरेदी निवडा, पोर्टलच्या तारखेपासून मागे या, वस्तूपर्यंत चालत जा, दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवा, आणि तालुक्याचा तक्ता भरत राहा. सूची भराच, ती शासनाला लागते. पण ती शेवटी भरा.

आता माणसांबद्दल. ग्रामसेवक म्हणा किंवा २०२४ नंतरचं ग्रामपंचायत अधिकारी म्हणा, या माणसाकडे दोन-तीन गावं असतात. त्यात निवडणुकीची कामं, घरकुलं, सर्वेक्षणं. मार्चमध्ये निधी परत जाईल म्हणून वरूनच रोज फोन. साठा नोंद आधी आणि माल नंतर, या प्रकाराची मुळं पुष्कळदा आपल्याच व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये असतात, हे मान्य केल्याशिवाय तुम्ही त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलू शकणार नाही. म्हणून मी त्रुटी तीन ढिगांत टाकायचो. पहिला ढीग, राहून गेलेलं, जे लगेच पूर्ण होतं. दुसरा, सवयीचं, जे सगळ्याच गावांत होतं आणि ज्याला तालुक्याच्या बैठकीत एकदा बजावावं लागतं. तिसरा, जाणून केलेलं, ज्यात कोणाचा तरी फायदा आहे. पहिल्या दोन ढिगांत माणसाला सावरायला वेळ द्या. तिसऱ्यात एक दिवसही देऊ नका, कारण त्या दिवसात कागद बदलतात. संबंधित पानांच्या छायांकित प्रती त्याच बैठकीत घ्या, ग्रामसेवकाची साक्षांकित सही घ्या, आणि बीडीओंना त्याच दिवशी लेखी कळवा.

सभासदांच्या हितसंबंधाचं दिसलं तर ते तिसऱ्या ढिगातलंच. अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असणं ही अपात्रता आहे. पण तिथे तुमचं काम वस्तुस्थिती नोंदवण्याचं, निकाल देण्याचं नाही. पुरवठादार सदस्याचा मुलगा आहे असं गावात सगळे बोलतात, एवढ्यावर लिहू नका. जीएसटीच्या नोंदीत मालकाचं नाव काय आहे ते लिहा.

टिपणी लिहिताना विशेषणं टाळा. 'संगनमताने मोठा गैरव्यवहार झाल्याचे दिसते' हे वाक्य बघायला जोरदार, टिकायला कच्चं. त्याऐवजी लिहा: प्रमाणक अमुक, दिनांक ३१ मार्चला इतकी रक्कम अदा, साठा नोंद त्याच दिवशीची, प्रत्यक्ष पाहणीत वस्तूवर उत्पादनाचा महिना मे, सबब माल मिळण्यापूर्वी रक्कम अदा झाली, खुलासा करावा. पुढे हे प्रकरण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावो, विधिमंडळाच्या पंचायत राज समितीसमोर जावो की कोर्टात, अशी टिपणी उभी राहते. सरपंचाचा किंवा नेत्याचा फोन आला तरी तुम्हाला एवढंच म्हणता येतं, साहेब, मी फक्त तारखा लिहिल्यात.

अनुपालनाचंही, म्हणजे आक्षेपांच्या पूर्ततेचंही, सांगतो, कारण परिच्छेद वर्षानुवर्षं साचतात ते इथेच. नमुना २७ मधून दर महिन्याला पूर्तता कळवायची असते. तिथे 'पूर्तता केली आहे' एवढंच आलं तर परत पाठवा. वसुली झाली असेल तर चलन, साठा नोंद घेतली असेल तर त्या पानाची प्रत, मान्यता मिळवली असेल तर आदेश. आणि 'दप्तर मागच्या ग्रामसेवकाने दिले नाही' हे उत्तर आलं की प्रभार यादी मागा. बदलीच्या वेळी देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सहीची यादीच झालेली नसेल तर आजपासून तुमच्या तालुक्यात तेवढं एक बंधन घाला, यादीशिवाय प्रभार नाही. काही वर्षांनी याचं मोल कळेल. लेखापरीक्षेत 'अभिलेखे उपलब्ध करून दिले नाहीत' म्हणून मोठमोठ्या रकमा अमान्य होतात, त्यातल्या कित्येक खर्चांचं काम खरंच झालेलं असतं.

ग्रामसभेला विसरू नका. कलम ८ प्रमाणे वार्षिक हिशेब, लेखापरीक्षेची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेसमोर ठेवायची असतात. कार्यवृत्तात ते 'वाचून दाखवले, मंजूर' असं एका ओळीत उरकतं. तुम्ही हजर असाल तेव्हा एवढंच करा, दहा मोठ्या खर्चांची यादी पुरवठादाराच्या नावासकट फलकावर लावायला सांगा. कोणता दिवा लागला आणि कोणता नाही हे गावाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर डिसेंबरमध्ये मोठी तपासणी ठेवू नका. हिवाळी अधिवेशन नागपुरातच, त्यामुळे अर्धं कार्यालय तारांकित प्रश्नांची माहिती गोळा करण्यात, उरलेलं अर्धं बंदोबस्तासारख्या ड्युट्यांत. एप्रिल-मे उन्हाचे, पण मार्चची खरेदी ताजी असते आणि माल खरंच आला का ते तेव्हाच कळतं, म्हणून सकाळी लवकर निघून एप्रिलमध्येच दोन-चार गावं करा.

तुमचा शेवटचा प्रश्न, मागची पाच वर्षं उघडायची का? सरसकट नको. चालू आणि मागचं एक वर्ष नीट बघा. त्याआधीचं फक्त तिथेच उघडा जिथे लेखापरीक्षेचा परिच्छेद प्रलंबित आहे किंवा तुमच्या तक्त्यात एखादा पुरवठादार पुन्हा पुन्हा येतोय. पहिलं गाव निवडताना बदनाम गाव घेऊ नका, तिथे सगळे सावध असतात. मध्यम आकाराचं, कधी चर्चेत नसलेलं गाव घ्या. आदल्या दिवशी फक्त 'दप्तर तयार ठेवा' असं कळवा, कोणती खरेदी बघणार ते तिथे पोचल्यावर सांगा. पेमेंटची यादी मात्र ई-ग्रामस्वराजवरून आधीच काढून पिशवीत ठेवा.